मानशीचं दार

कागदावर प्रश्न आहे: गेल्या आठवड्यात
हाताचा त्रास किती झाला?
अजिबात नाही, थोडा, बराच, फार.
एका चौकोनात खूण करायची.

कुठल्या हाताचा ते लिहिलेलं नाही.
डावा तर आता कुणाला द्यायचाच नाही,
ना सुईला, ना रक्तदाबाच्या पट्ट्याला.
काखेतल्या गाठी काढल्या तेव्हापासून
तो घरात पाहुण्यासारखा बसून असतो.
सगळी उस्तवार उजव्यानं करायची.

पहिल्या फेरीला शीर पटकन मिळाली.
दुसरीला सिस्टर एर्मेलिंदानं गरम पाण्याची पिशवी ठेवली,
मनगटावर टिचक्या मारल्या,
म्हणाली, मूठ वळ बाय, सोड, परत वळ.
तिसरीला चार वेळा टोचलं.
आणि मग ते औषध, आगळासारखं लालभडक,
कोपरापर्यंत जाळत गेलं.
पुढं त्या शिरा काळ्या पडल्या, सुंभासारख्या ताठ.
भाकरी थापताना आतून कुणी ओढतंय असं वाटे.

बांबोळीला डॉक्टर म्हणाले,
दंडातून नळी घालू, पार काळजाजवळ पोचेल,
नाहीतर छातीत कातडीखाली पोर्ट बसवू,
नाहीतर असंच टोचत राहू, अजून पाच फेऱ्या.
तुम्हीच ठरवा.
सहा महिन्यांत मला कुणी
तुम्हीच ठरवा असं म्हटलं नव्हतं.
रोहिदासनं विचारलं, खर्च किती?
मी विचारलं, न्हाता येईल?

शेजारच्या खाटेवर मयेची अनसूया होती.
तिच्या दंडात नळी.
न्हाताना पावाची पिशवी हातावर चढवायची,
वर दोन रबर,
तरी पाणी जायचंच.
दर आठवड्याला नळी धुवायला दोन बस बदलून यायचं.
वर घरची कोंबडी त्या टोकाला चोच मारायला बघायची.
हे सांगताना ती इतकी हसली
की सलाइनची बाटली हलली.

मला बाप आठवला.
खाजनाच्या बांधावर मानस सांभाळायचा.
भरतीचं पाणी दाराला आपणच लोटतं, दार मिटतं;
ओहोटीला आतलं पाणी बाहेर निघतं, दार उघडतं.
बाप म्हणे, दारावर जोर करू नये.
दार बसवायची जागा तेवढी चुकता कामा नये,
बाकीचं पाण्याला ठाऊक असतं.

मी पोर्ट सांगितला.

आता उजव्या गळ्याच्या हाडाखाली
नाण्याएवढा उंचवटा आहे.
मंगळसूत्र त्यावर घासतं, म्हणून ते कपाटात.
त्या कुशीवर झोप येत नाही.
आरशात बघते तर डावीकडे सपाट, उजवीकडे टेंगूळ,
एकाच शेतात खाचर आणि बांध.
एकदा मध्यरात्री ताप चढला,
शेजारच्या इनासच्या व्हॅनमधून बांबोळी गाठली,
दोन दिवस सगळे त्या उंचवट्याकडेच बघत होते,
जणू त्यानं चोरी केलीय.
निघाला साधा घशाचा ताप.

पण सुई एकदाच.
एर्मेलिंदा म्हणते, श्वास घे, आणि झालंसुद्धा.
औषध चढत असतं तेव्हा उजवा हात मोकळा असतो.
मी लसूण सोलून नेते.
नखं काळी पडलीत, बोटांची टोकं बधिर,
सालं निसटतात, पण एक गड्डा होतो.

घरी मी डोक्यावरून तांब्या ओतून घेते.
पाणी गळ्यावरून, त्या उंचवट्यावरून, रिकाम्या बाजूवरून
कुठंही न थांबता खाली जातं.
डोक्यावर केस नाहीत, त्यामुळे लवकर आटपतं.

या सगळ्याला कुठला चौकोन?
शेवटचा प्रश्न आहे,
एकूण जगणं कसं चाललंय, एक ते सात.
मी चार लिहिते. खोडते. पाच लिहिते.
बाजूला जागा उरते, तिथं लिहिते,
गुरुवारी शेवट्याच्या हुमणाची चव लागली.
दोन महिन्यांनी.

एर्मेलिंदा कागद घेते, उभ्यानंच वाचते,
चष्मा कपाळावर सरकवून विचारते,
कितीला मिळाला गे? कुठल्या बाजारात?